फिजिक्स घ्यावं का? बेळगाव तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कर्नाटकातल्या बेळगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावातलं हे प्रकरण आहे. गाव, शाळा, कॉलेज आणि माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मुलीला इथे ‘ताई’ म्हणतो, कारण धाकटा भाऊ तिला त्याच नावाने हाक मारतो. ती ज्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये शिकली तिथे मी विज्ञान शिकवतो. तिच्या निर्णयात माझाही वाटा होता आणि काही चुकाही माझ्या होत्या. लिहिण्याआधी तिची आणि तिच्या आईवडिलांची परवानगी घेतली आहे.

वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगचं काम करतात. आई घरची दीड एकर शेती बघते. पावसाळ्यात भात, वरच्या माळावर रताळी. घरात आजी आहे. घरातलं कुणी दहावीच्या पुढे विज्ञानाकडे गेलेलं नव्हतं. ताईला मात्र सहावीपासून एकच सांगायचं होतं की ती इंजिनिअर होणार. वडिलांच्या कारखान्यात साच्याचं ड्रॉइंग घेऊन येणारे ‘साहेब’ तिने एकदा दसऱ्याच्या पूजेला पाहिले होते, एवढंच निमित्त.

मे २०२२ मध्ये एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकच्या दहावीचा, निकाल लागला. ६२५ पैकी ५३१. विज्ञानात ८३. दोन दिवसांनी संध्याकाळी वडील माझ्या घरी आले. पेढे दिले आणि चहा व्हायच्या आतच विचारलं, “सर, पोरगी सायन्स घेतो म्हणती. फिजिक्स लई अवघड असतंय म्हणत्यात. तिला झेपंल काय वो?”

मी लगेच ‘झेपेल’ म्हणालो. ८३ गुणांकडे बघून म्हणालो. त्या ८३ मध्ये काय आहे आणि काय नाही, हे तेव्हा मी उलगडून बघायला हवं होतं.

८३ मध्ये काय नव्हतं

कर्नाटकच्या दहावीच्या विज्ञानात भौतिकशास्त्राचा भाग प्रकाश, डोळा, विद्युतधारा आणि विद्युतधारेचे चुंबकीय परिणाम एवढ्याभोवती फिरतो. आकृत्या, नियम, एकदोन छोटी सूत्रं. मेहनती मूल त्यात चांगले गुण मिळवतं आणि त्यात काही खोटं नाही. पण पीयूसीच्या (कर्नाटकातली अकरावी-बारावी) पहिल्या वर्षाचं फिजिक्स सुरू होतं ते गतीपासून: एका रेषेतली गती, प्रतलातली गती, गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, मग फिरणाऱ्या वस्तू. या सगळ्याचा पाया नववीत घातला जातो. गती, बल, गुरुत्वाकर्षण, कार्य हे नववीचे धडे.

आणि ताईची नववी होती २०२०-२१ ची.

ते वर्ष आठवलं की मला अजून अस्वस्थ वाटतं. घरात फोन एक आणि तो वडिलांबरोबर फाउंड्रीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये नववीचे वर्ग उघडले, मुलं जरा बसती झाली आणि एप्रिलमध्ये पुन्हा बंद. परीक्षा झालीच नाही, सगळी मुलं पुढच्या वर्गात गेली. दहावीचं वर्षही ऑगस्टअखेर सुरू झालं. मी दहावीचा भाग कसाबसा पुरा केला. नववीच्या गतीच्या धड्याकडे मागे वळून गेलो नाही. म्हणजे ज्या मुलीने त्वरण हा शब्द जेमतेम आठवडाभर ऐकला होता, ती दोन वर्षं त्यावरच उभा असलेला विषय घ्यायला निघाली होती. तिच्या गुणपत्रिकेत हे कुठेच दिसत नव्हतं.

समोर असलेले पर्याय

त्या आठवड्यात घरी, शाळेत आणि मामाकडे मिळून पाच पर्याय बोलले गेले.

पहिला, बेळगावात पीयूसी विज्ञान, पीसीएमबी. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी. इंजिनिअरिंगही खुलं राहतं आणि मेडिकलकडची वाटही. दुसरा, बायोलॉजीऐवजी कॉम्प्युटर सायन्स घेऊन पीसीएमसी. तिसरा, कॉमर्स. मामाचा आग्रह याचा होता. त्याच्या ओळखीच्या दोन मुली बीकॉम करून पतसंस्थेत लागल्या होत्या आणि त्याचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं. चौथा, पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा. पुढे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. वडिलांना हा पटत होता, कारण कारखान्यात डिप्लोमावाल्यांचं काम त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पाचवा पर्याय आमच्या भागातल्या प्रत्येक घरात निघतो: हद्द ओलांडून चंदगड तालुक्यात अकरावी. आजीचं मन तिकडे होतं. “आपल्या भाषेत तरी शिकंल,” असं त्या म्हणत होत्या. इथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागल्या. एक, तिकडेही अकरावी-बारावी विज्ञानाची पुस्तकं आणि पेपर इंग्रजीतच चालतात. वर्गात सर मराठीत समजावतील हा आधार खरा, पण पुस्तक उघडलं की अडचण तीच. दुसरं, सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात वेगळी तरतूद आहे, त्यामुळे केवळ ती वाट उघडी ठेवण्यासाठी अकरावीलाच हद्द ओलांडायची गरज नव्हती. उलट आमच्या गावातून बेळगावच्या बसस्थानकाला (सीबीटी) दिवसातून सहा बस जातात आणि हद्दीपलीकडच्या कॉलेजसाठी दोनदा बस बदलावी लागली असती.

एक गोष्ट मात्र त्या आठवड्यात कुणीच विचारली नाही. पीसीएमबी, कॉमर्स, डिप्लोमा, चंदगड असं सगळं बोलणं ‘कुठे’ या प्रश्नाचं होतं. फिजिक्ससाठी नेमकं काय लागतं आणि त्यातलं तिच्याकडे काय आहे, हे कागद-पेन घेऊन तपासायला एक तास पुरला असता. तो तास आम्ही दिला नाही.

जूनमध्ये तिने बेळगावच्या एका कॉलेजात पीसीएमबी घेतलं. दोन भाषांपैकी एक इंग्रजी, दुसरी मराठी.

अडचण

जुलैअखेर पहिली चाचणी झाली. २५ गुणांची. केमिस्ट्रीत १३, गणितात ११, बायोलॉजीत १७. फिजिक्समध्ये ६.

त्या महिन्यात भाताच्या रोपलावणीसाठी तिच्या चार दिवस सुट्ट्या झाल्या होत्या, पण ६ गुणांचं कारण ते नव्हतं. वर्ग मोठा होता. लेक्चरर इंग्रजीत शिकवत आणि अडलं की कन्नडमध्ये समजावत. ताईला बाजारातलं, बसमधलं कन्नड येतं. विषय समजण्याइतकं येत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या आठदहा मुली मागच्या दोन बाकांवर एकत्र बसत आणि फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घेत. कॉलेजने पालकांना सांगितलं की विषय बदलायचे असतील तर पंधरा दिवसांत बदला, पुढे जमणार नाही.

वडील पुन्हा माझ्याकडे आले. या वेळी ताई बरोबर होती. दारातल्या कट्ट्यावर बसली, मान खाली. वडील म्हणाले, “सर, पोरीच्या डोक्यावर ओझं नको. कॉमर्सला घालतो.” मी तिला विचारलं, तुला काय वाटतं? बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “सर, मला येत नाही असं नाही. मला वाचता येत नाही.”

त्या वाक्यावर मी थांबलो. निर्णय त्या संध्याकाळी घ्यायचा नाही, असं वडिलांकडून कबूल करून घेतलं. पंधरा दिवस होते, त्यातले चार मागून घेतले.

तपासणी: तीन कागद

दुसऱ्या दिवशी शाळेत बसून मी तीन कागद तयार केले. पहिल्यावर नववीच्या गती-बलावरचे १५ प्रश्न, मराठीत. दुसऱ्यावर त्याच पातळीचे १५ प्रश्न, आकडे बदलून, इंग्रजीत. तिसऱ्यावर त्रिकोणमिती आणि आलेखाचे १० प्रश्न. पहिल्या कागदाआधी तिला दोन दिवस नववीचे चार धडे मराठीत वाचायला दिले, कारण कधीच नीट न शिकलेल्या गोष्टीची परीक्षा घेण्यात अर्थ नव्हता.

मराठीत १५ पैकी ११. इंग्रजीत १५ पैकी ४. त्रिकोणमितीत १० पैकी ६, आणि चुकलेले चारही प्रश्न बाजूंचे घटक पाडण्याचे.

इंग्रजी कागद आम्ही दोघांनी मिळून पुन्हा वाचला. विश्रांत अवस्थेतून निघालेली बस २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने ५ सेकंद गेली तर किती अंतर जाईल, हा प्रश्न मराठीत तिने अर्ध्या मिनिटात सोडवला होता: २५ मीटर. इंग्रजीत तसाच प्रश्न ‘स्टार्टिंग फ्रॉम रेस्ट’ असा सुरू होत होता. ‘रेस्ट’ म्हणजे उरलेलं, असं तिला माहीत होतं, म्हणून ती उरलेलं अंतर शोधत बसली होती. ‘बॉडी’ म्हणजे शरीर. ‘युनिफॉर्म’ म्हणजे शाळेचा गणवेश. ‘नॉर्मल’ म्हणजे नेहमीसारखं. ‘विथ रिस्पेक्ट टू’ यातला ‘रिस्पेक्ट’ म्हणजे आदर. ‘वर्क’ म्हणजे काम, मग डोक्यावर पाटी घेऊन सपाट रस्त्यावर चालणाऱ्या बाईने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध शून्य कार्य केलं हे तिला कसं पटावं? तिने आईला पाटी घेऊन रताळ्याच्या शेतातून येताना रोज पाहिलं आहे.

मला वाटायचं की मराठी माध्यमाच्या मुलांना पारिभाषिक शब्द अडवतात. त्वरणाला ‘ॲक्सिलरेशन’ म्हणायचं, संवेगाला ‘मोमेंटम’. हे शब्द तर ती पहिल्या आठवड्यातच शिकली होती, वर्गात रोज ऐकून. तिला अडवत होते ते साधे दिसणारे शब्द, जे तिला येतात असं सगळेच धरून चालले होते. त्यांच्यासाठी शब्दकोश कुणी काढत नाही.

म्हणजे ‘फिजिक्स येत नाही’ या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या उणिवा बांधल्या गेल्या होत्या. इंग्रजी वाचन, ही सगळ्यात मोठी. सदिश (व्हेक्टर) आणि त्यांचे घटक, ही मधली. तिसरी तिची नव्हतीच, ती अभ्यासक्रमाच्या क्रमाची होती: पहिल्या वर्षाच्या फिजिक्समध्ये सुरुवातीच्याच धड्यांत तात्कालिक वेग, म्हणजे एका क्षणाचा वेग, येतो आणि त्यासाठी अवकलन (डिफरन्सिएशन) लागतं. गणितात मात्र मर्यादा आणि अवकलन वर्षाच्या शेवटाकडे येतं. जूनमध्ये जे वापरायचं ते जानेवारीत शिकायचं. शहरातल्या मुलांना कोचिंगमध्ये मे महिन्यातच ते दाखवून ठेवतात.

दुसरा निर्णय: राहायचं की बदलायचं

चौथ्या दिवशी आम्ही घरच्या सोप्यात बसलो. मामाही आला होता. मी तिन्ही कागद पुढे ठेवले आणि काय उणं आहे ते सांगितलं. मग म्हणालो की ऑक्टोबरच्या सहामाहीपर्यंत दर रविवारी सकाळी तीन तास मी देतो. सहामाहीत फिजिक्सच्या ७० पैकी २१ च्या खाली आली तर कॉमर्स, आणि वर्ष गेलं तरी चालेल अशी घरच्यांची तयारी हवी. २१ हा आकडा मी ठरवला होता. त्याला आधार एवढाच की जिथे ती होती तिथून तीन महिन्यांत तितकं चढता आलं, तर पुढचंही चढता येईल.

मामाने विचारलं, “आणि वर्ष गेलं तर? दोन पोरांचं शिक्षण आहे घरात.” हा प्रश्न रास्त होता. आई इतका वेळ चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, “वर्ष गेलं तर जाईल. कॉमर्सला घातल्यावर ती रडत बसली तर ते कुणी भरून द्यायचं?” वडील गप्प राहिले, मग मान हलवली. बघता येईल असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही. राहायचं ठरलं आणि कुठल्या आकड्याला सोडायचं तेही ठरलं. माझ्या मते पुढे तिच्या डोक्यावरचा ताण जो कमी झाला तो या दुसऱ्या गोष्टीमुळे.

बायोलॉजी सोडून कॉम्प्युटर सायन्स घ्यावं असं मी सुचवलं होतं. एक पाठांतराचा विषय कमी होईल असा माझा हिशोब. ताईने स्पष्ट नकार दिला. “तेवढ्या एका तासाला मला वर्गात कळतं, सर. तो नको काढू.” घाईत ती मला अरेतुरे बोलून गेली, मग जीभ चावली. बायोलॉजी राहिली. पुढे बघता तिचंच बरोबर होतं.

शहरातल्या कोचिंग क्लासचाही विचार झाला. फी वर्षाच्या रताळ्याच्या उत्पन्नाहून जास्त होती, पण नाही म्हणण्याचं कारण तेवढंच नव्हतं. ते क्लास कॉलेजच्याही पुढे पळतात. जिला वर्गातलं वाक्य वाचता येत नाही, तिला आणखी वेगाने वाक्यं ऐकवून काय मिळणार?

काय केलं

पहिला महिना शब्दांचा. दोनशे पानी वही, पानाला तीन रकाने: इंग्रजी शब्द, फिजिक्समधला अर्थ, तिचं स्वतःचं वाक्य. नियम एकच. अर्थ शब्दकोशातून घ्यायचा नाही, पुस्तकातल्या ज्या वाक्यात अडलं त्या वाक्यातून काढायचा. ‘नॉर्मल’पुढे तिने लिहिलं, ‘पृष्ठभागाला लंब. भिंतीत खिळा सरळ ठोकतो तसा.’ ‘निग्लेक्टिंग’पुढे लिहिलं, ‘आहे, पण धरायचं नाही.’ रोज बसमध्ये दहा शब्द. ऑगस्टअखेर वहीत दोनशे दहा शब्द होते आणि मग भर पडणं आपोआप मंदावलं. फिजिक्सच्या पुस्तकाचं इंग्रजी मर्यादित आहे, तेच शब्द फिरून फिरून येतात, हे तिला स्वतःच्या वहीतून कळलं.

अवकलनाला दोन रविवार दिले. सूत्र न सांगता तक्ता केला. समजा एखादी गाडी सेकंदांच्या वर्गाइतके मीटर जाते: २ सेकंदांत ४ मीटर, ३ सेकंदांत ९. तर बरोबर दुसऱ्या सेकंदाला तिचा वेग किती? ताई म्हणाली, एका क्षणात गाडी जातच नाही, मग वेग कसला? योग्य प्रश्न. मग २ ते २.१ सेकंद धरले: सरासरी वेग ४.१. २ ते २.०१: ४.०१. २ ते २.००१: ४.००१. तिने पेन खाली ठेवला. “म्हणजे चारला पोचतंय, पण आपण चार लिहायचं.” त्यानंतर अवकलनाचे नियम पाठ करायला तिला अर्धा तास लागला.

घटक पाडणं मात्र कागदावर बसेना. उतारावरच्या वस्तूच्या वजनाचे दोन भाग, एमजी साइन थीटा कुठे आणि एमजी कॉस थीटा कुठे, यात दर वेळी उलटापालट. एका रविवारी मी तिच्याच घरी गेलो. सोप्यात भाताच्या पोत्यांखाली घालायची सागवानी फळी होती. ती जमिनीवर ठेवली, तिच्यावर वीट ठेवली आणि धाकट्याला एक टोक हळूहळू उचलायला सांगितलं. वीट सुटली त्या क्षणी थांबायचं. वडिलांची मोजपट्टी घेऊन ताईने मोजलं: टोकाची उंची ४२ सेंटीमीटर, पाया ६८. भागाकार ०.६२. पुन्हा केलं, ०.५८. तिसऱ्यांदा ०.६५. मी म्हणालो, हा कोनाचा टॅन, आणि हाच या फळी-विटेचा घर्षणाचा गुणांक. आता सिद्ध कर.

तिने आकृती काढली. फळीच्या दिशेने खाली ओढणारा वजनाचा घटक, फळीला दाबणारा दुसरा. घसरायच्या क्षणी पहिला घटक आणि घर्षण बरोबर. साइनला कॉसने भागलं आणि टॅन आला. वस्तुमान वरूनही गेलं, खालूनही गेलं. धाकटा म्हणाला, असं कसं, दोन विटा ठेवल्या तर लवकर घसरणार. सुतळीने दोन विटा बांधल्या आणि फळी उचलली. त्याच उंचीला सुटल्या. पोराने तीन वेळा करून बघितलं, तरी विश्वास बसेना. आजी कोपऱ्यातून म्हणाल्या, रताळ्याचा टेंपो खाली करताना हमाल फळी किती तिरकी लावायची ते डोळ्यांनीच ठरवतात. त्या दिवसानंतर ताईचं साइन-कॉस चुकलेलं मला आठवत नाही.

कॉलेजच्या आघाडीवर एकच काम केलं. रोज एक प्रश्न लेक्चररना विचारायचा, इंग्रजीत, एका वाक्यात. आदल्या रात्री वाक्य लिहून पाठ करायचं. पहिले आठ दिवस तिचं धाडसच झालं नाही. नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. लेक्चररांनी प्रश्न ऐकला, उत्तर दिलं आणि पुढे तिला मागच्या बाकावरून दुसऱ्या रांगेत बसवलं. त्यांचा स्वभाव चांगला होता. मुली येत नव्हत्या म्हणून त्यांना त्यांची अडचण कळत नव्हती, एवढंच.

निकाल

सहामाहीत ७० पैकी २४. ठरलेल्या आकड्यापेक्षा तीनच जास्त. वडिलांनी कॉमर्सचं नाव काढलं नाही. फेब्रुवारी २०२३ च्या वार्षिक परीक्षेत लेखी ३८ आणि प्रात्यक्षिकासह १०० पैकी ६५.

दुसऱ्या वर्षी गोष्टी सोप्या झाल्या आणि तेव्हा दहावीचा जुना अभ्यास कामी आला. विद्युतधारा, चुंबकत्व, प्रकाश हे तिच्या ओळखीचे धडे होते. क्रमाची अडचण पुन्हा आलीच. गाउसच्या नियमाला संकलन (इंटिग्रेशन) लागतं आणि ते गणितात बरंच नंतर येतं. पण आता तिला ती अडचण ओळखता येत होती. मे महिन्यात ती स्वतःहून माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, संकलन आधी दाखवा.” ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली, त्यामुळे रविवारी माझ्या घरी किंवा सुट्टीत कॉलेजच्या प्रयोगशाळेत जायला भाड्याचा विचार करावा लागेना. आमच्यासारख्या आडगावात हे लहान काम नव्हे.

मार्च २०२४ मध्ये पीयूसी दुसरं वर्ष. फिजिक्समध्ये लेखी ४७, प्रात्यक्षिक २९, एकूण ७६. ६०० पैकी ४८९. सगळ्यात जास्त गुण बायोलॉजीत. त्याच वर्षापासून तीन परीक्षांची सोय सुरू झाली होती. दुसऱ्या परीक्षेला बसून फिजिक्सचे गुण वाढवावेत का, असा विचार झाला आणि सोडून दिला.

सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंग प्रवेशाची राज्याची परीक्षा, मात्र मनासारखी झाली नाही. फिजिक्सचे ६० प्रश्न, ८० मिनिटं. तिला प्रश्न समजत होते, पण वाचायलाच वेळ लागत होता. त्या वर्षीच्या सीईटीत अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न आल्यावरून राज्यभर ओरड झाली आणि चार विषयांतले मिळून ५० प्रश्न वगळावे लागले. असल्या प्रश्नांवर तिने परीक्षेत बराच वेळ घालवला होता. मिळालेल्या क्रमांकावर परवडणाऱ्या फीची, बेळगावातली इंजिनिअरिंगची जागा मिळाली नाही. लांबच्या एका कॉलेजात मिळत होती. हॉस्टेल आणि फी धरून वडिलांना कर्ज काढावं लागलं असतं. कर्ज काढायला ते तयार होते, ताई तयार झाली नाही. तिने राणी चन्नम्मा विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात फिजिक्स आणि गणित घेऊन बीएस्सीला प्रवेश घेतला.

इंजिनिअर होणार म्हणून ज्या विषयासाठी एवढं झगडली, त्यातून इंजिनिअरिंग मिळालं नाही. हे मी लपवणार नाही, आणि तिलाही त्याचं वाईट वाटतं. पण बीएस्सीत तिने फिजिक्स सक्तीने घेतलेलं नाही, निवडून घेतलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट वेळेची. तीन कागदांची तपासणी ऑगस्टऐवजी एप्रिलमध्ये, दहावीची परीक्षा संपल्या संपल्या व्हायला हवी होती. एप्रिल-मेचे आठ आठवडे हाताशी होते आणि ते लग्नसराईत गेले. शब्दांची वही, घटक आणि अवकलनाची तोंडओळख एवढ्यालाच ते आठवडे पुरले असते. मग ६ गुणांची ती चाचणी आणि तो अपमान टळला असता.

मेमध्ये मी ‘झेपेल’ म्हणालो ते चुकलं. ‘झेपणार नाही’ म्हणालो असतो तर तेही तितकंच चुकलं असतं. दोन्ही उत्तरं गुणपत्रिका बघून दिलेली असती.

सीईटीच्या बाबतीत मी कमी पडलो. वाचनाच्या वेगावर आम्ही कामच केलं नाही. अर्थ कळला म्हणजे झालं, असं मी धरून चाललो. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर घड्याळ लावून रोज वीस प्रश्न सोडवायला हवे होते. डिप्लोमाचा पर्यायही मी मेमध्ये फार लवकर बाजूला सारला. तिथेही इंग्रजी आहेच, पण वर्ग लहान आणि हाताने करायचं काम जास्त. फळी आणि वीट बघून जिला विषय कळला, तिला ती वाट कदाचित जास्त मानवली असती. हे आता मनात येतं.

आणि माझ्या वर्गातलं: नववीचा गतीचा धडा शिकवताना आता मी त्याच तासाला इंग्रजी वाक्यंही फळ्यावर लिहितो. मराठीत समजावतो, मराठीतच सोडवून घेतो आणि शेवटची दहा मिनिटं तोच प्रश्न इंग्रजीत वाचून घेतो. मराठी माध्यम बदलायची गरज मला वाटत नाही. ताईला त्वरण कळलं ते मराठीतच.

या वर्षी दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर विज्ञानाला जायचं म्हणणाऱ्या चार मुलांना मी तेच तीन कागद दिले. तिघांनी शब्दांच्या वह्या सुरू केल्या आहेत आणि रविवारी ताई त्यांच्या वह्या तपासायला येते. चौथ्या मुलाने तिसरा कागद अर्धा सोडवून परत आणून दिला. म्हणाला, “सर, मला हे सोडवताना बरं वाटत नाही. मला हिशोब आवडतो.” त्याच्या वडिलांचं गावात किराणा दुकान आहे आणि उधारीची वही आठवीपासून तोच लिहितो. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर कॉमर्सचा फॉर्म भरायला बेळगावला गेलो.